चार सेकंदांचं हसणं

त्याने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी माझ्याच मनगटाचं चुंबन घेत होते.

हसू नका, ते माझं काम आहे. पडद्यावरची माणसं चालतात, दारं आपटतात, कपडे झटकतात, एकमेकांच्या मिठीत शिरतात – त्यातले बरेचसे आवाज मागाहून एका बंद खोलीत तयार केले जातात. ती खोली माझ्या मामाची आणि आवाज करणारी मी. लहानपणापासून घरात काही ना काही वाजवत असायचे म्हणून मामाने माझं नाव खुडबुड ठेवलं, आणि पुढे त्याच खुडबुडीवर मला नोकरी दिली.

तर त्या दिवशी पडद्यावर नायक-नायिका अगदी जवळ आले होते आणि मी डोळे मिटून, मन लावून मनगटावर ओठ टेकवले होते. मन लावून, कारण आधीचे चार टेक मामाने नापास केले होते. "खुडबुड, चुंबन आहे ते. चहा पितेयस का?" असं रेकॉर्डिंगच्या खोलीतून, काचेपलीकडून ऐकवलं होतं. आणि नेमकं तेव्हाच दार उघडलं. बाहेरचा लाल दिवा दोन दिवस बंद होता, त्यामुळे आत काम चालू आहे हे कोणाला कळायला मार्ग नव्हता.

"सॉरी... सॉरी! मी नंतर येतो. तुम्ही दोघं–"

मग त्याने खोलीभर नजर फिरवली. दोघं नव्हतोच. मी होते, माझं मनगट होतं, आणि जमिनीवर वाळूचा, खडीचा आणि वाळक्या पानांचा एकेक ट्रे होता.

"एकट्याच?" त्याने विचारलं.

"हो. का?"

"नाही... काही नाही." त्याचा डावा गाल टम्म सुजला होता, कानावर पेन्सिल अडकवलेली होती आणि केसांतून पावसाचं पाणी निथळत होतं. "दातांचे डॉक्टर...?"

"वरच्या मजल्यावर. इथे फक्त चुंबनं मिळतात."

वाक्य तोंडातून गेलं आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. तो हसला आणि लगेच कळवळून त्याने गाल धरला. "हसवू नका हो... जीव जातोय," म्हणाला, आणि तसाच गाल धरून जिना चढून गेला. काचेपलीकडे मामा मान हलवत होता. "टेक चांगला होता," तो म्हणाला, "दार उघडेपर्यंत."

तीन दिवसांनी तो परत आला. गाल उतरला होता आणि त्याखालून बराच देखणा माणूस निघाला होता.

"दात गेला," तो म्हणाला, "पण तुमच्यासाठी काम आणलंय."

तो चित्रकार होता. त्याने एक चित्रकथा केली होती, शब्द नसलेली, नुसत्या चित्रांची. आता हाताने एकेक चित्र काढून त्याच गोष्टीचा बारा मिनिटांचा सिनेमा केला होता. त्यातही संवाद नव्हते, पण आवाज सगळे हवे होते. "पुस्तकात माणसं गप्प बसतात ते चालतं," तो सांगत होता, "वाचणारा आपापल्या मनाने त्यांना आवाज देतो. पण सिनेमात ती हलायला लागली ना, की एकदम मुकी वाटतात. पंधरा दिवसांत जमेल?"

मामा म्हणाला, जमेल. पंधरा दिवसांनी हा जाणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

त्याचं पुस्तक मी घरी नेलं आणि एका बैठकीत संपवलं. एक खोली. एक तो, एक ती. ती खिडकीत बसून हसते. मग ती आजारी पडते. मग एका पानावर नुसती रिकामी खाट, आणि पुढची चार पानं कोरी. मी पुष्कळ रडले. मग डोळे पुसून परत पहिल्या पानापासून चाळायला घेतलं, आणि रडू जागच्या जागी थांबलं. कारण त्यातला 'तो' चार रेघांत उरकलेला होता – एक नाक, दोन खांदे, झालं. आणि ती? तिच्या कानामागची बट, बटेशी खेळणारी बोटं, हसताना डाव्या डोळ्याखाली पडणारी बारीकशी घडी... इतकं टिपायला माणसाने किती दिवस समोर बसायला हवं! अशी बाई कोणी मनाने काढत नाही. ही कुठेतरी होती.

मेलेल्या बाईचा हेवा करायची लाज वाटली मला. पण वाटला हेवा, काय करू!

काम तिच्या पावलांपासून सुरू झालं. आमच्याकडे जुन्या चपला-बुटांचं भिंतभर कपाट आहे. पडद्यावरचा माणूस बघून त्यातलं काय पायात घालायचं ते मी ठरवते. तिच्यासाठी खरं तर पातळ तळव्यांच्या सपाता हव्या होत्या. मी जाड टाचांचे बूट काढले, आणि लाकडी फळीवर धाड धाड चालले.

पेन्सिल – मनातल्या मनात मी त्याला हेच म्हणायला लागले होते – कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ऐकत होता. बराच वेळ त्याने सहन केलं.

"जरा... वजनदार वाटतेय," शेवटी तो म्हणाला.

"निरोगी बाई असेल."

"आजारी पडणारेय ती."

"ही त्याच्या आधीची आहे."

"चालतेय की कोणाला तुडवतेय?" मामाने काचेपलीकडून विचारलं.

मी बूट बदलले. पण हात आपोआप करकरणाऱ्या चपलांकडेच गेला. ती हलकेच त्याच्याजवळ जाते, त्या नाजूक प्रसंगात कर्र... कर्र... कर्र. पेन्सिलने मान खाली घातली.

"ती अशी नव्हती हो चालत."

"नव्हती? म्हणजे खरंच कोणी होती?" हे मी इतक्या चटकन विचारलं की मामाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आहे."

"आहे? मेली ना?"

"पुस्तकात." तो ओशाळला. "खरी ठणठणीत आहे. दुसऱ्या शहरात असते. डोळ्यांची डॉक्टर आहे, रोज चाळीस डोळे तपासते."

"म्हणजे वीस माणसं."

"हो... वीस माणसं."

"मग तिला मारलीत कशाला?"

तो थोडा वेळ कानावरची पेन्सिल बोटांत फिरवत राहिला. "चार वर्षांपूर्वी सोडून गेली मला. मला तेवढंच काढायचं होतं, ती गेली. पण चित्रात बाई बॅग उचलून निघून गेली की बघणारा विचारतो, का गेली? याच्यात काय कमी होतं? तेच ती मेली की कोणी काही विचारत नाही. सगळे रडतात आणि पान उलटतात."

इतकं सरळ उत्तर आल्यावर माझी पंचाईतच झाली. त्याच्यावर रागवायला जागा उरली नाही. आणि ती मेलेली होती तेव्हा एक वेळ परवडत होती. आता ती जिवंत झाली, डॉक्टर झाली आणि येऊन माझ्या छातीवरच बसली.

दिवस मात्र छान जात होते, हेही खरं. तो सकाळी यायचा, भिजलेली छत्री दाराशी उघडून ठेवायचा. तिच्यावरून ओघळणारे थेंब माझ्या माइकमध्ये टपटपायचे म्हणून मी ती रोज उचलून बाहेर नेऊन ठेवायचे, आणि तो रोज विसरायचा. मी काम करत असले की तो बघत असायचा, नाहीतर वहीत काहीतरी काढत असायचा. चादर झटकायला दोन माणसं लागली की लगेच उठायचा. चादरीची टोकं जुळवताना बोटांना बोटं लागायची, आणि त्या चादरीची घडी आम्ही गरजेपेक्षा फारच नीट घालायचो.

"तुमचा हात थंड आहे," एकदा तो म्हणाला.

"दिवसभर ओल्या फडक्यांत असतो."

"तसं नाही... चांगला आहे, म्हटलं."

"हाताला चांगलं म्हणणारे तुम्ही पहिलेच. लोक चेहऱ्यापासून सुरुवात करतात."

"चेहऱ्याबद्दल बोलायला धीर लागतो..."

काचेपलीकडून मामा खाकरला. माइक चालू होता.

आठव्या दिवशी आम्ही अहो-जाहोवरून अरे-तुरेवर आलो. वाळक्या पानांच्या ट्रेमध्ये माझा पाय घसरला, तो "अगं, सांभाळ!" म्हणून दंड धरायला धावला, आणि त्यानंतर परत 'अहो' म्हणणं दोघांनाही जमेना. दंड सोडायलाही त्याला जरा वेळच लागला. त्या दिवशी घरी जाताना मी इतकी खुशीत होते की रस्त्यात समोर येणाऱ्या अनोळखी माणसांकडे बघूनसुद्धा हसत होते.

नवव्या दिवशी त्याने खिशातून फोन काढला.

"एक आवाज मी आणलाय. ती खिडकीत बसून हसते ना, तिथे घालायचाय. तिचंच हसणं आहे... खरं. चार सेकंदांचं. चार वर्षं जपून ठेवलंय. मागे पंखा आहे, भांडी आहेत, कसली तरी घरघर आहे. साफ करून देशील?"

"देईन की," मी म्हणाले. इतका गोड आवाज मी आयुष्यात कधी काढला नसेल.

रेकॉर्डिंग साफ करणं म्हणजे हेडफोन लावून तोच तुकडा परत परत ऐकायचा, आणि नको असलेले आवाज एकेक करून सोलून काढायचे. त्या दुपारी मी ते हसणं दीडशे वेळा ऐकलं. तिच्या आईनेसुद्धा ऐकलं नसेल. आणि हसणं फार सुंदर होतं हो! आधी एक अडखळलेला श्वास, मग हातातून काहीतरी सांडावं तसं एकदम मोकळं. मी बाथरूममध्ये जाऊन आरशासमोर तसं हसून बघितलं. मला ठसका लागला.

चार वर्षं! फोन बदलला असेल, घर बदललं असेल, हे चार सेकंद मात्र जागचे हलले नाहीत. माझं त्याच्याकडे काय होतं? उद्या पंधरा दिवस संपले की माझ्या आवाजातलं काय तो खिशात घालून नेणार होता? दुसऱ्या बायकांची पावलं!

मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. त्या हसण्याची वरची धार मी जराशी कापली. मग आणखी जराशी. पंख्याबरोबर तो अडखळलेला श्वासही काढून टाकला. उरलेलं मामाला नेऊन ऐकवलं.

मामाने डोळे मिटून ऐकलं. "काय गं, ही हसतेय की शिंकतेय?"

"मूळचंच तसं आहे."

"मूळचं दे बघू."

त्याने मूळचं ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवले. मला वाटलं आता बोलणी बसणार. पण त्याने दोन कपांत चहा ओतला आणि एक माझ्यापुढे सरकवला.

"आमच्या रेडिओच्या नाटकांत," तो म्हणाला, "माणूस गेला की कप फुटायचा. बाईला तार आली – खळ्ळ! मुलगा परत येत नाही म्हणून कळलं – खळ्ळ! ऐकणाऱ्याला दिसत तर काही नाही, मग त्याला कळणार कसं? मी नोकरीत चारेकशे कप फोडले असतील. मग तुझी आई गेली. फोन आला तेव्हा माझ्या हातात खरंच कप होता. मी तो नीट धुतला आणि पालथा घातला. काहीच फुटलं नाही गं. नंतर एका नाटकात पुन्हा कप फोडायची वेळ आली, तर माझा हातच उठेना."

आईबद्दल मामा असं कधी बोलत नाही.

"आपण लोकांना खोटे आवाज देतो," तो पुढे म्हणाला. "वाळू वाजवतो आणि बर्फ म्हणून सांगतो. त्यात काही पाप नाही. पण खरा आवाज हातात आला तर तो बिघडवायचा नाही. तुला तो पोरगा आवडतो ना, मग ते त्याला सांग. त्या बाईच्या हसण्यावर कसला सूड उगवतेस?"

"मला नाही आवडत तो."

"बरं," मामा म्हणाला. "कप धुऊन ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत बसले, या वेळी अगदी इमानदारीने. पंखा काढला, भांडी बाजूला केली, श्वास जपला. आणि अगदी तळाशी, जिथे नुसती खरखर असते, तिथे मला एक आवाज सापडला. पुरुषाचा. बारीक, दबका, फोनमधून बाहेर झिरपतो तसा. शब्द कळत नव्हते. पण तो काहीतरी बोलत होता, थांबत होता, आणि तो थांबला की ती हसत होती. ती फोनवर होती! मी आणखी खाली गेले. माइकच्या अगदी जवळ आणखी एक श्वास होता, हळू, रोखून धरलेला. तो कोणाचा ते मला कोणी सांगायला नको होतं. गेले नऊ दिवस मागच्या स्टुलावर तोच ऐकत होते मी.

म्हणजे ती दुसऱ्याच कोणाशी बोलताना हसली होती, आणि आमचा हा आडोशाला उभा राहून ते टिपत होता.

मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, आधी आनंदाच्या उकळ्या फुटल्या. हे हसणं तुझं नव्हतंच रे बाबा!

तो आला, छत्री ठेवली आणि आल्या आल्या विचारलं, "झालं?" मी ऐकवलं. तो डोळे मिटून ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना आणि दुसरीकडेही बघवेना.

"काय सुंदर हसते ना..." तो म्हणाला.

बस्. एवढंच पुरे होतं. "आता हे ऐक," मी म्हणाले, आणि तळातली ती खरखर मोठ्याने लावली. फोनमधला पुरुष. तिचं हसणं. आणि माइकजवळचा त्याचा रोखलेला श्वास.

तो चमकेल असं मला वाटलं होतं. तो चमकला नाही.

"माहीत आहे मला," तो हळूच म्हणाला. "स्वयंपाकघराच्या दारामागे उभा होतो मी. तेव्हा ती रोज बोलायची त्याच्याशी. माझ्यासमोर ती अशी कधी हसलीच नाही. म्हटलं, एकदा तरी आपल्याकडे असावं... मग पुस्तकात तिला माझ्याकडे बघून हसवली. चित्रातल्या बाईला कोण विचारतंय, कोणाकडे बघून हसतेस म्हणून?"

माझ्या उकळ्या तिथेच विरल्या. माणसाने झाकून ठेवलेली गोष्ट मी त्याच्याच समोर मोठ्याने वाजवली होती, आणि तीही जिंकल्यासारखी.

"मुद्दाम केलंस?" त्याने विचारलं.

"हो. मुद्दाम!" माझा आवाज चढला, रडू दाबायचं असलं की माझं असंच होतं. "जळफळाट होतो माझा. एका कागदावरच्या बाईवर जळते मी! ते जड बूट मुद्दाम घातले, त्या करकरणाऱ्या चपला मुद्दाम घातल्या, काल तिचं हसणंसुद्धा कापलं होतं मी. तू या खोलीतला एकूण एक ट्रे वहीत काढलास. मामा काढलास, मामाचा चष्मा वेगळा काढलास, वरच्या डेंटिस्टची पाटीसुद्धा काढलीस! मी दिवसभर तुझ्या नाकासमोर असते. मला एकदाही नाही काढलंस."

त्याने फोन उचलला आणि पावसात तसाच निघून गेला. छत्री माझ्या दाराशी राहिली.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी मामाला काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. ते दुपारपर्यंत टिकलं.

"त्याचा फोन आला होता," मामा म्हणाला. "बाहेरगावी गेलाय. त्या डॉक्टरीणबाईंकडे."

"अच्छा," मी म्हणाले.

त्या दिवशी आमच्याकडे एका मारामारीच्या सिनेमाचं काम होतं. मी ते एकटीने, एका दमात संपवलं. इतक्या खणखणीत थोबाडीत या खोलीत आजवर वाजल्या नव्हत्या, असं मामा म्हणाला. मी मनात तिचं घर बघत होते, घराचं दार बघत होते, दार उघडणारी ती बघत होते, कानामागच्या बटेसकट. तिच्याकडे कशाला गेला? मीच त्याला ढकललं होतं तिच्याकडे. माझ्यासारखी मूर्ख शोधून सापडली नसती.

चौथ्या दिवशी सकाळी तो स्टुलावर येऊन बसला. मी वाळूचा ट्रे सारखा करत होते. आधीच सारखा होता, तरी करत होते.

"कशी आहे?" मी वर न बघता विचारलं.

"कोण?"

"चाळीस डोळे."

"छान आहे. माझेही तपासले तिने. नंबर वाढलाय."

"मग नवीन चष्मा लागेल."

"लागेल... खुडबुड, इकडे बघ ना."

"तू बोल. माझे कान चांगले आहेत."

त्याने सुस्कारा सोडला. "परवानगी मागायला गेलो होतो. तू ते मोठ्याने लावलंस तेव्हा कळलं, हे चोरलेलं आहे. तिला न विचारता सिनेमात कसं घालू? म्हणून तिला ऐकवलं. तिने दोनदा ऐकलं आणि म्हणाली, ही मी नाही, ही दुसरीच कोणीतरी आहे."

"स्वतःचा आवाज चटकन ओळखू येत नाही कोणाला," मी म्हणाले. एवढं तर मला कळतं.

"तेवढ्यात तिचा नवरा आतून हात पुसत आला. तिने त्याला ऐकवलं. हसणं सुरू व्हायच्या आधी जो श्वास आहे ना, त्या श्वासाला तो म्हणाला, अगं, तूच की! आणि मागे बडबडतोय तो मी." पेन्सिल थांबला. "नुसत्या श्वासावरून, खुडबुड. मी चार वर्षं ते हसणं जपत बसलो होतो. त्याला काहीच जपायला लागलं नव्हतं. ती त्याच्या घरात रोज हसते."

आता मी वर बघितलं. बऱ्याच दिवसांचा ताप उतरलेल्या माणसासारखा दिसत होता तो, थकलेला आणि हलका.

"फार वाईट वाटलं?"

"जेवायला बसेपर्यंत वाटलं. मग भूक लागली."

"जेवलास? तिच्या हातचं?"

"नवऱ्याच्या हातचं. मीठ जास्त झालं होतं."

मला फारच बरं वाटलं. "अजून छान दिसते का?"

"छान दिसते."

"पेन्सिल!"

"मग काय खोटं बोलू? पण चित्रातल्यासारखी नाही दिसत. ती डोळ्याखालची घडी डावीकडे नाहीच, उजवीकडे आहे. चार वर्षं चुकीच्या बाजूला काढत होतो." त्याने पिशवीतून चित्रांची चळत काढली. "शेवट बदललाय. हे बघ."

नव्या शेवटात ती मरत नव्हती. बॅग घेऊन, फोनवर बोलत, हसत हसत दारातून बाहेर पडत होती. तो आतल्या दारामागे उभा राहून ऐकत होता. आणि या वेळी चार रेघांत उरकलेला नव्हता. त्याला पुरता चेहरा होता, कपाळावरच्या आठीसकट.

"लोक विचारतील, का गेली?" मी म्हणाले.

"विचारू देत."

"आणि हसणं?"

"मिळालं तसंच ठेव. फोनमधला माणूस ठेव, पंखा ठेव, भांडी ठेव. माझा श्वाससुद्धा. तू जे जे काढलंस ते सगळं परत घाल."

काढलेला कचरा परत घालायला मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. घातला. नवी चित्रं एकेक करून टिपून पडद्यावर आणली, मग एकच काम उरलं: तिची जातानाची पावलं, खाटेपासून दारापर्यंत चौदा. मी मऊ सपाता घातल्या, लाकडी फळीवर उभी राहिले, आणि काचेपलीकडे मामाने हात वर केला.

पहिल्या टेकला माझी पावलं भराभर पडली. "तिला हाकलतेयस तू," मामा म्हणाला. दुसऱ्या टेकला मी रेंगाळले. "आता तिला जायचंच नाहीये, असं वाटतंय." तिसऱ्या वेळी मी पडद्यावरच्या तिच्याकडे नीट बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बहुतेक, कारण आजवर मी तिच्यात फक्त त्याची नजर शोधत होते. ती कोणाला सोडून निघाली नव्हती. ती कोणाकडे तरी निघाली होती. तिला भेटायची घाई होती आणि पायाखाली काय आहे याची शुद्ध नव्हती, एवढंच. मला ते चांगलंच माहीत होतं. सकाळी कामावर येताना मीही अशीच चालायचे. मी तशी चालले. दहा, अकरा, बारा... तेरावं पाऊल पडलं, आणि मागच्या स्टुलावरून आवाज आला.

"तुला काढलं नाही, कारण चित्र काढायचं तर मान खाली घालावी लागते. तेवढा वेळ तू दिसत नाहीस. मला तू आवडतेस, खुडबुड... फार."

माझं चौदावं पाऊल हवेतच राहिलं.

"टेक गेला!" स्पीकरमधून मामा ओरडला. "अरे, रेकॉर्डिंग चालू असताना बोलतात का? सगळं आलंय ना यात, अक्षर न् अक्षर!" मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "खुडबुड... ठेवू का गं जपून?"

मी वळून पाहिलं. पेन्सिल कानापर्यंत लाल झाला होता. मला ते रेकॉर्डिंग किती हवं होतं म्हणून सांगू! त्याच्या आवाजातलं माझं नाव, आणि त्याच्यापुढचं ते अडखळलेलं 'फार'. तिचे चार सेकंद होते, माझे सहज दहा-बारा भरले असते.

"पूस, मामा," मी म्हणाले.

"अगं, पूस काय!" पेन्सिल दचकून उभाच राहिला. "मी किती दिवस धीर गोळा करत होतो–"

"पुसलं," मामा म्हणाला, आणि काचेपलीकडे पाठ करून बसला.

मी सपाता काढल्या आणि अनवाणी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. इतकी जवळ, की त्याला आता मान खाली घालायलाही जागा नव्हती.

"जपून कशाला ठेवायचं?" मी म्हणाले. "मला रोज हवंय. हं... परत म्हण."